नकाशातला हिरवा चौकोन

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सायंकाळी ग्रंथवाचन असते. वाचन झाले, खीरदान झाले, मंडळी आपापल्या चपला शोधू लागली. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एक ताई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला वाढवले. मुलगा आता एका दुकानात कामाला आहे. त्याच्या लग्नाचे पाहायचे तर घरात जागा नाही. म्हणून मायलेकांनी गावाबाहेर प्लॉट पाहिला होता आणि पंचवीस हजार रुपये इसार देऊनही आले होते.

"भाऊ, तुमी कागदाचे मानूस. येवढं पाहून द्या. एन.ए. होनार हाये म्हनते."

मी वकील नाही की इंजिनीअर नाही. बी.कॉम. झालो आणि एका शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागलो. दिवसभर पगारपत्रके आणि पावत्या. पण वस्तीत कुणाला अर्ज लिहायचा असला, दाखला काढायचा असला की लोक हक्काने येतात. मी कागद उलगडला. चार रंगात छापलेला ले-आऊटचा नकाशा होता. प्लॉटांना नंबर, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडे, आणि मधोमध एक हिरवा चौकोन. त्यावर लिहिले होते – बगीचा.

तो हिरवा चौकोन पाहिला आणि मला माझे बाबा आठवले. "होणार आहे" आणि "झाले आहे" या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात आमच्या कुटुंबाची चौतीस वर्षे गेली. ती हकीकत सांगितली तर आणखी दोन-चार घरे सावध होतील, म्हणून लिहीत आहे.

माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम असला की काम, नसला की मिळेल ती मजुरी. आम्ही भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे राहत होतो. १९८८ साली बाबांच्या एका सोबत्याने बातमी आणली की गावाच्या कडेला एक शेतकरी दोन एकर जमीन प्लॉट पाडून विकतो आहे. वीस बाय तीसचा प्लॉट, दहा रुपये फूट. म्हणजे सहा हजार रुपये. आईची डोरल्याची पोत मोडली, भिशी उचलली आणि उरलेले पैसे दलालाला हप्त्याहप्त्याने दिले.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बाबांबरोबर जमीन पाहायला गेलो. शेतात फक्की मारून चौकोन आखले होते. दलालाने स्कूटरच्या सीटवर निळा नकाशा पसरला. त्यात तीस फुटांचा रस्ता होता आणि मधोमध बगीच्याची जागा होती. बाबांनी मुद्दाम बगीच्यासमोरचा प्लॉट घेतला. परत येताना ते आईला म्हणाले, "लेकराइले खेळाले जागा राहीन. पुढंमागं तिथंच विहार बांधू."

कागद काय मिळाला? स्टँप पेपरवर लिहिलेली सौदाचिठ्ठी. खाली शेतकऱ्याचा अंगठा, दोन साक्षीदार आणि एक गोल शिक्का. खरेदीखत नाही. सातबारावर नाव नाही. बाबांना वाचता येत होते, पण त्या शिक्क्याचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. शिक्का आहे म्हणजे सरकार आहे, असे आपल्या लोकांना वाटते. दलाल हे चांगले जाणून असतो.

घर उभे राहिले. आधी कुडाचे, मग विटांचे. तीस फुटांचा रस्ता जमिनीवर वीसच फुटांचा निघाला, पण पोटाला चिमटा घेऊन घर बांधणारा माणूस रस्ता मोजत बसत नाही. १९९४ साली एक दिवस सकाळी बगीच्याच्या जागेत पुन्हा फक्की पडली. हिरव्या चौकोनाचे चौदा प्लॉट झाले आणि पंचवीस रुपये फुटाने विकले गेले. घेणारे कोण? आपलेच लोक. कुणी बिडी कामगार, कुणी हमाल. त्यांना आम्ही काय बोलणार?

पुढे १९९६ साली विहाराचा विषय निघाला. घरोघर अकरा रुपये, एकवीस रुपये अशी वर्गणी काढली. महिला मंडळाने जयंतीत भोजनदान कमी करून पैसे वाचवले. त्या पैशातून आम्ही एक प्लॉट विकत घेतला. कोणता? त्याच बगीच्यातला. नकाशात जी जागा आम्हा सगळ्यांची म्हणून दाखवली होती, तिचाच एक तुकडा आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे देऊन घेतला! आज ज्या विहारात आम्ही वंदना घेतो तो तिथेच उभा आहे.

लिपिकाची सवय म्हणून मी एकदा या सगळ्याचा हिशेब मांडून पाहिला. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन एकरांचे झाले ८७,१२० चौरस फूट. राज्यात २०२० पासून बहुतेक ठिकाणी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा खेळण्याबागडण्यासाठी मोकळी सोडावी लागते. आमच्या दोन एकरांत ती होते सुमारे ८,७०० चौरस फूट, म्हणजे सहाशे फुटांचे चौदा प्लॉट. बरोबर चौदा! १९९४ च्या भावाने त्याचे दोन लाख दहा हजार रुपये झाले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना अकरा-अकरा घरे. गल्लीची लांबी दोनशेवीस फूट. रस्त्याची रुंदी दहा फुटांनी कमी केली की २,२०० चौरस फूट मोकळे होतात. म्हणजे एका गल्लीमागे साडेतीन प्लॉट जास्तीचे. नियम न पाळण्यात किती नफा आहे, हे यावरून समजावे.

आता रीतसर प्लॉट कसे पाडतात तेही थोडक्यात सांगतो. आधी ती जमीन विकास आराखड्यात रहिवासी पट्ट्यात आहे, शेती पट्ट्यात आहे की कशासाठी राखीव आहे, ते पाहतात. मग परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता नकाशा काढतो. तो नगर परिषद, महानगरपालिका किंवा तिथली जी नियोजन संस्था असेल तिच्याकडे जातो. तशी संस्था नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तिथे नगर रचना विभाग आपला अभिप्राय देतो. पहिली मंजुरी मिळते ती तात्पुरती. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार येऊन मोजणी करतो. रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉट जमिनीवर आखले जातात. मग अंतिम मंजुरी. शेवटी कमी-जास्त पत्रक होते आणि प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा निघतो. एवढ्या पायऱ्या आहेत. आमच्या बाबांच्या प्लॉटाने यातली एकही पायरी पाहिली नव्हती.

असे प्लॉट महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांनाच गुंठेवारी म्हणतात. लोक राहायला येऊन गेल्यावर त्यांना उठवणे शक्य नाही आणि न्यायाचेही नाही. म्हणून शासनाने २००१ साली 'महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम' केला. १ जानेवारी २००१ पूर्वी खाजगी जमिनीवर पाडलेले असे प्लॉट प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करून घेता येतील, अशी सोय झाली. म्हणजे नियमातून दिलेली मोठी सूटच म्हणा.

मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. मोठ्या उत्साहाने अर्जाचा नमुना आणला. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"जमीन विकली त्यानं, पैसा खाल्ला दलालानं, आन् दंड काहून मी भरू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही नाही. प्रशमन शुल्क हा शब्द कितीही सौम्य असला तरी बाबांच्या लेखी तो दंडच होता. ज्याने रस्ता चोरला, बगीचा विकला, तो केव्हाच दुसऱ्या गावी दुसरे प्लॉट पाडायला निघून गेला होता. त्याला कुणी नोटीस दिली नाही. नोटीस यायची ती आमच्या घरांना. बाबांनी शेवटपर्यंत अर्ज केला नाही. २००९ साली ते गेले. ट्रंकेत सौदाचिठ्ठी तशीच होती, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सगळा दोष दलालाचा, आपण बिचारे गरीब. तसे असते तर हा लेख इथेच संपवला असता. पण आमची स्वतःचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

बाबांनी घरापुढे ओटा बांधला होता. शहाबादी फरशीचा, साडेतीन फूट रुंद. कामावरून आले की ते त्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि गल्लीतली न शिकलेली मंडळी ऐकायला जमत. चौदा एप्रिलला त्या ओट्यावर बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली जाई. आमच्या घराची सगळी आब त्या ओट्यात होती. पण तो ओटा आमच्या जागेत नव्हता. तो रस्त्यात होता. समोरच्यांनी पाहिले, त्यांनी न्हाणीघर पुढे आणले. त्यांच्या शेजाऱ्याने पायऱ्या काढल्या. वीस फुटांचा रस्ता बारा फुटांवर आला आणि गल्लीच्या तोंडाशी तर नऊच फूट उरला. दलालाने दहा फूट घेतले ही गोष्ट खरी. पण पुढचे आठ फूट कुणी घेतले?

२०१८ साली थंडीत एका रात्री आईला दम लागला. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत शिरेना. प्राणवायूचे नळकांडे गाडीत आणि आई घरात. आम्ही चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलले. अंधार, पायऱ्या, कुणाच्या मोटारसायकली. दोनशे फुटांचे ते अंतर पार करताना माझा पाय आमच्याच ओट्याच्या कोपऱ्यावर आदळला. खुर्ची कलंडली. आई पडली नाही, सोबतीच्या मुलांनी सावरले. ती वाचली, आज पंचाहत्तरीला आली आहे. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी सुजलेल्या पायाकडे पाहत होतो आणि मला झोप आली नाही.

२०२१ साली गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढली. पुन्हा अर्ज सुरू झाले. या वेळी मी ठरवले की एकट्याचा अर्ज करायचा नाही, सगळ्या गल्लीचा करायचा. विहारात बैठक बोलावली. परवानाधारक इंजिनीअर येऊन मोजणी करून गेले. भले गृहस्थ. ते म्हणाले, "आहे तसं दाखवू. जुनी वस्ती आहे, सूट मिळून जाईल." सगळ्यांना हायसे वाटले. मी मात्र म्हणालो, "ओटे, न्हाणीघरं, पायऱ्या आपण मागं घेऊ. मग नकाशा काढू."

बैठकीत एकदम गलका झाला. एक काका उभे राहून म्हणाले, "सरकार सूट देऊन राह्यलं, आन् तू आमचं घर तोडाले निंघाला? तुया बापानंच तं पहिला ओटा बांधला!"

बोलणे झोंबले, पण खोटे नव्हते. मी उत्तर दिले, "काका, सूट कागदाला मिळंल. पण कागदावर सूट मिळाली म्हणून गाडी काही आत येणार नाही."

नियमातली सूट म्हणजे काय, याचा मी त्या काळात थोडा अभ्यास केला. मघाशी सांगितलेल्या नियमावलीत अधिकाऱ्याला सूट देण्याचा अधिकार आहे. पण त्याला अटी आहेत. नियम काटेकोर लावल्याने खरोखर आणि दाखवता येण्याजोगी अडचण होत असली पाहिजे. सूट लेखी दिली पाहिजे. आणि त्या सुटीमुळे तिथे राहणाऱ्यांच्या व शेजारपाजारच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला, आगीपासूनच्या बचावाला बाधा येता कामा नये. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. आपण सूट मागतो तेव्हा स्वतःच्या घराचा विचार करतो. नियम मात्र शेजाऱ्याचा विचार करायला सांगतो. आणि तो शेजारी कधीकधी आपलीच आई असते.

याच सुमारास मला बाबासाहेबांच्या एका जुन्या लिखाणाची आठवण झाली. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान जमिनींच्या प्रश्नावर आणि त्यावरील उपायांवर एक प्रबंधवजा लेख लिहिला होता. पुढे ऑक्टोबर १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात जमिनीचे लहान तुकडे रोखण्यासाठीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की जमीन लहान की मोठी एवढ्यावरून ती परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. भांडवल, अवजारे, राबणारे हात यांचा मेळ पाहावा लागतो. नुसते तुकडे बंद केले तर लहान माणूस भूमिहीन होईल. त्यापेक्षा सहकारी शेती करा, असे त्यांनी सुचवले. तुकडेबंदीचा कायदा मात्र पुढे १९४७ साली झालाच.

बाबासाहेब शेतीबद्दल बोलत होते, घराच्या प्लॉटांबद्दल नव्हे. पण त्यातून मी माझ्यापुरता एक अर्थ घेतला. नुसता तुकडा मोजणारा कायदा गरिबाच्या उपयोगाचा नाही. तुकड्याबरोबर त्याला काय मिळते ते पाहिले पाहिजे. अर्धा गुंठा जागासुद्धा सुखाची होऊ शकते, जर तिच्यापुढे रस्ता असेल, गटार असेल, पाणी असेल आणि मुलांना खेळायला जागा असेल. हे नसेल तर दोन गुंठेही कोंडवाडाच.

गेल्या काही वर्षांत तुकडेबंदीच्या कायद्यात बरीच ढील दिली गेली. २०१७ साली ठरले की जुने बेकायदा तुकडे बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून नियमित करता येतील. ते लोकांना झेपेना, म्हणून पुढे ५ टक्क्यांवर आणले. २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत जमिनीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे किमान क्षेत्र ठरले. २०२४ साली विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसाठी त्याहून लहान तुकड्याला परवानगी देण्याची तरतूद झाली. २०२५ साली तर रहिवासी भागातल्या जुन्या तुकड्यांचे शुल्कच माफ करण्याचा निर्णय झाला. घरकुलासाठी जागा मिळावी म्हणून दिलेली सूट, राहून चुकलेल्या माणसाला दिलेली माफी, या गोष्टी चांगल्याच आहेत. बाबा असते तर त्यांच्या प्रश्नाला थोडे तरी उत्तर मिळाले असते. पण प्रत्येक माफीबरोबर दलालही हुशार होतो. तो म्हणतो, "घ्या बिनधास्त, पुढे सरकार नियमित करतेच." ज्याचे घर उभे आहे त्याला सूट देणे हा न्याय आहे. ज्याने अजून फक्कीही मारली नाही त्याला त्या सुटीच्या भरवशावर प्लॉट विकू देणे ही फसवणूक आहे. दोन्हीला शब्द एकच असला तरी आपण फरक ओळखला पाहिजे.

असो. बैठक मोडली. घरी आलो. रात्री जेवताना आईला सगळे सांगितले. ओट्याचे नाव काढायला जीभ रेटत नव्हती. तीच म्हणाली, "तुया बाबानं बसाले बांधला होता. कोनाले पाडाले नाही. तोडून टाक."

दुसऱ्या रविवारी मी स्वतः घण घेतला. पहिली फरशी निघाली तेव्हा हात थरथरला, हे खोटे कशाला सांगू? आई दारात उभी होती. बाबा बसत त्या जागेची एक फरशी तिने बाजूला काढून ठेवायला सांगितली. ती आज आमच्या देवळीखाली आहे. समोरच्या घरातला मुलगा थोडा वेळ पाहत राहिला, मग कुदळ घेऊन आला. दोन महिन्यांत बावीसपैकी सोळा घरांनी आपापले बांधकाम मागे घेतले. ज्या काकांनी मला सुनावले होते त्यांनी चौदावा नंबर लावला. सहा घरे तशीच आहेत. त्यांच्यातल्या दोघांचे न्हाणीघर मागे घ्यायला जागाच नाही, त्यांची अडचण खरी आहे. उरलेल्या चौघांशी माझे बोलणे चालू आहे. गल्ली बऱ्याच ठिकाणी अठरा फूट झाली आहे. आजच्या नियमाप्रमाणे अशा लहान अंतर्गत रस्त्याला साधारण नऊ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट रुंदी लागते. तेवढी सूट आम्हाला घ्यावीच लागली, कारण पुढे घरांच्या भिंती आहेत. पण आता गाडी आत येते.

२०२२ साली नियमित केल्याचे प्रमाणपत्र आईच्या नावाने मिळाले. तिने ते हातात धरले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "याच्यात बगीचा कुठी हाये?"

बगीचा नाही. तो आता कधीच होणार नाही. त्या जागेवर तेरा संसार आणि एक विहार आहे. आमची मुले रस्त्यावर खेळतात आणि मोटारसायकल आली की भिंतीला चिकटतात. घराचा कागद चौतीस वर्षांनी का होईना, आला. पण विकलेली मोकळी जागा कुठल्याही कायद्याने परत येत नाही. म्हणून प्लॉट घेण्यापूर्वी तिचीच चौकशी आधी करायची.

त्या ताईंना मी तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही जमिनीचा गट नंबर घेतला आणि सातबारा काढला. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन ते पाहिले, कारण वर्ग दोनची जमीन, मग ती वतनाची असो की शासनाने दिलेली, परवानगीशिवाय विकता येत नाही. विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या पट्ट्यात आहे ते विचारले. मंजूर नकाशाचा क्रमांक आणि तारीख मागितली. कळले ते असे की जमीन शेती पट्ट्यात आहे आणि ले-आऊटचा अर्जही कुणी केलेला नाही. "होणार आहे" एवढेच खरे होते.

दलालाने आधी टोलवले. मग विहारातले दहा-बारा जण ताईंबरोबर जाऊन शांतपणे बसले, तेव्हा पंधरा हजार परत दिले. दहा हजार पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. त्याचे असे तीन 'पुढचे महिने' झाले. आम्ही जाणे सोडलेले नाही. ताई आता मंजूर ले-आऊटमधला लहान प्लॉट पाहत आहेत. तो महाग आहे, त्यामुळे लग्न वर्षभर पुढे गेले. मुलगा थोडा नाराज आहे. पण परवा ताईंनीच नवा नकाशा आणून माझ्यापुढे ठेवला आणि हिरव्या चौकोनावर बोट ठेवून विचारले, "भाऊ, हा चौकोन अंतिम मंजुरीत हाये ना?"

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजातला माणूस आयुष्यभराची कमाई एका प्लॉटात घालतो. लग्नाची पत्रिका आपण दहा जणांना वाचायला देतो, मग प्लॉटाचा कागद एकट्याने का ठेवायचा? इसार देण्याआधी तो विहारात घेऊन या. वस्तीत शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अंतिम मंजुरीचा नकाशा मागा. रस्ता स्वतःच्या पावलांनी मोजा. आणि ज्यांनी घर आधीच बांधले आहे, त्यांनी एकदा आपला ओटा मोजावा.

जयभीम!